पपईला फुलांचा सडा, फळ मात्र नाही: नेमकं कुठं अडलंय ते कसं ओळखायचं

झाड डोक्याच्या वर गेलंय, पानं हिरवीगार आहेत, बुंधा चांगला जाड झालाय आणि फुलं तर खाली सडा पडेल इतकी येतात. फळ मात्र एकही धरत नाही. पपईबद्दलची ही तक्रार दर हंगामात नव्याने येते. तिचे आणखी दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पहिली खेप झकास लागली आणि त्यानंतर हातभर खोड रिकामंच गेलं. दुसरा म्हणजे फळं लागली, पण शिवणी पडलेली, पिळवटलेली, एकाचं रूप दुसऱ्याशी जुळत नाही अशी.

उत्तरंही ठरलेली असतात: पोटॅश घाला, बोरॉन फवारा, पाण्याचा ताण द्या, खोडात खिळा ठोका. यातलं काही ना काही कधीतरी लागू पडल्यासारखं दिसतं, कारण हवामान बदललं की पपई बरेचदा आपोआप फळं धरू लागते आणि श्रेय शेवटी केलेल्या उपायाला मिळतं.

या तक्रारींपैकी बहुतेकींचं मूळ फुलाच्या रचनेत असतं, आणि फूल तर समोरच असतं. म्हणून आधी फूल बघायचं, मग खोड वाचायचं. खताच्या पिशवीला हात सर्वांत शेवटी.

नर, मादी की उभयलिंगी?

पपईची झाडं तीन प्रकारची असतात आणि लांबून बघितलं तर तिन्ही सारखीच दिसतात. फूल आलं की फरक कळतो.

नर झाडाला पानाच्या बेचक्यातून लांब, लोंबता, फाटे फुटलेला तुरा येतो. तो हातभर किंवा त्याहूनही लांब असू शकतो. त्यावर बारीक नळीच्या आकाराची पुष्कळ फुलं असतात. प्रत्येक फुलात १० पुंकेसर, आणि मध्ये अंडाशयाच्या नावाखाली नुसती एक टोकदार काडी. फुलांचा सडा पडतो आणि फळ लागत नाही, तर पहिला संशय याच्यावर घ्यायचा.

मादीचं फूल मोठं असतं, आखूड देठावर आणि खोडाला लगटून येतं, एकेकटं किंवा दोन-तीनच्या झुपक्यात. पाकळ्या पाच, जवळजवळ बुडापर्यंत सुट्या. आत गोल गरगरीत अंडाशय आणि त्याच्या माथ्यावर झालरीसारखी फाटलेली पाच कुक्षींची, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकांची, चवरी. पुंकेसर नसतातच.

उभयलिंगी फुलाच्या पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते, वर त्या सुट्या होतात. अंडाशय लांबट आणि भोवती १० पुंकेसर, पाच लांब, पाच आखूड. याचं फळ लांबोळकं, गर जाड. मादीचं फळ गोलसर आणि आतली पोकळी मोठी. बाजारात जास्त करून दिसणारी लांबट पपई म्हणजे उभयलिंगी झाडाची.

हा भेद जन्मजात असतो. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं, नराकडे एक एक्स आणि एक वाय, तर उभयलिंगीकडे एक एक्स आणि वायचंच जरासं वेगळं रूप. १९३८ साली हॉफमेयर आणि स्टोरी या दोन संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या वारशाचा उलगडा मांडला. त्यातली एक गोष्ट पुढे बी निवडताना कामाला येते: दोन्ही बाजूंनी वाय आलं तर तो गर्भ बीमध्येच मरतो.

आता खिळ्याचं. खिळा ठोकून नराची मादी होत नाही, कारण गुणसूत्रं बदलत नाहीत. पण नर झाड स्वभावाने अस्थिर असतं. हवामान पालटलं किंवा शेंडा छाटला गेला, तर त्याच्या तुऱ्यावर मधूनच काही उभयलिंगी फुलं येतात आणि लांब देठाला लोंबकळणारी छोटी फळंही लागतात. खिळ्याच्या यशाच्या कहाण्या बहुधा इथून निघतात. मादी झाड मात्र या बाबतीत पक्कं असतं. ऊन असो की थंडी, ते मादीच राहतं.

कळी चिरून बघा

उमललेल्या फुलावरून अंदाज येतो, खात्री कळी चिरल्यावर पटते. उद्या-परवा उमलेल अशी फुगलेली कळी घ्या आणि ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभी चिरा. लगेच पांढरा चीक येईल. तो पुसून घ्या आणि डोळ्याला हात लावू नका, त्यातलं पपेन त्वचेला आणि डोळ्याला झोंबतं.

चीक पुसल्यावर मधोमध काय आहे ते बघा. जाडसर हिरवट-पांढरा अंडाशय असेल, त्याच्या पोटात बीजांडांचे बारीक दाणे दिसत असतील, तर फळ धरण्याची तयारी फुलात आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे. अंडाशयाच्या जागी सुईसारखी बारीक काडी असेल, तर ते फूल फळ देणार नाही, मग त्याला काहीही घाला. पुंकेसर अंडाशयाच्या भिंतीला चिकटून त्याच्याच बरोबर मांसल झाले असतील, तर पुढचं फळ वेडंवाकडं होणार हे आजच ठरलेलं आहे.

एका कळीवर निकाल देऊ नका. उभयलिंगी झाडाच्या झुपक्यात टोकाचं फूल सगळ्यांत धडधाकट असतं आणि बाजूची लहान फुलं बरेचदा नरासारखीच असतात. ती गळणारच, त्यांची गळ हा रोग नव्हे. टोकाची कळी चिरायची, तीही झाडावरच्या दोन-तीन वेगवेगळ्या उंचींवरून.

खोड वाचा

आता मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग. पपईचं खोड म्हणजे झाडाने स्वतः लिहून ठेवलेली रोजनिशी आहे. हे झाड शेंड्याकडून एकामागून एक पानं काढत सरळ वर जातं, सहसा फांद्या फुटत नाहीत. जुनं पान गळलं की खोडावर त्याचा ठसा कायम राहतो. वयात आलेल्या झाडाला प्रत्येक पानाच्या बेचक्यात फूल येतं. म्हणजे एक ठसा, एक पान, फळाची एक संधी. उबदार हवेत आणि पाणी नीट असताना आठवड्याला साधारण दोन नवी पानं येतात.

यावरून मागचा काळ मोजता येतो. सध्या ज्या उंचीवर फुलं उमलताहेत तिथून खाली, रिकाम्या पट्ट्यापर्यंतचे ठसे आणि पानं मोजा आणि दोनने भागा. तितक्या आठवड्यांपूर्वी त्या पट्ट्यातली फुलं उमलण्याच्या बेतात होती. मधे २० ठसे आले तर सुमारे १० आठवडे. थंडीत वाढ मंदावते, म्हणून त्या काळातल्या एका ठशामागे जास्त दिवस धरा. फूल कोणत्या घडणीचं होणार हे उमलण्याच्या काही आठवडे आधीच कळी बनताना ठरतं, तेव्हा दोष शोधायला आणखी थोडं मागे जावं लागतं. हे न केल्यामुळे लोक आजच्या गळीचं कारण आजच्या हवेत शोधतात.

रिकाम्या पट्ट्यातले ठसे जवळून बघा. ठशाच्या वरच्या बाजूला फुलाच्या देठाची बारीक खूण असेल तर फूल आलं होतं आणि गळलं. खूणच नसेल तर त्या बेचक्यात फूल तयारच झालं नाही. पहिल्यात परागण, पाणी किंवा वांझ फूल असा तपास करायचा. दुसऱ्यात झाडाची एकूण वाढच खुंटली होती का ते बघायचं.

दोन ठशांमधलं अंतरही बोलतं. लांब-लांब ठसे म्हणजे सावली किंवा नत्राचा भडिमार, झाड उंच पळालं. दाटीवाटीचे ठसे म्हणजे थंडी, कोरड किंवा मुळांना झालेली इजा.

रिकामा पट्टा उन्हाळ्याशी जुळतोय

झाड उभयलिंगी आहे आणि हिशेब कडक उन्हापर्यंत पोचतो, तर कारण जवळजवळ सापडलं. पपईला २१ ते ३३ अंश सेल्सियस तापमान मानवतं. ३५ अंशांच्या आसपास आणि वर गेलं, त्यात पाणी कमी आणि नत्रही तुटपुंजं, की उभयलिंगी झाड अंडाशय खुरटलेली, कामापुरती नर असलेली फुलं काढतं. फुलं दिसतात भरपूर, धरत एकही नाही.

इथे पाण्याचा ताण देण्याचा सल्ला उलटा पडतो. ताणावर बहर धरायची पद्धत काही फळझाडांना चालते, पपईला ती नको. तिला ऋतूप्रमाणे बहर येत नाही, ती सतत फुलते, आणि ताण पडला की वांझ फुलंच वाढतात. उन्हाळ्यात मुळांजवळची माती सतत ओलसर राहील असं थोडं-थोडं पाणी, बुंध्यापासून चार बोटं दूर ठेवून वाळलेल्या पाल्याचं जाड आच्छादन, आणि नत्र एकदम न देता विभागून. वांझ कळ्या दुरुस्त होत नाहीत. उपाय आज केला तरी चांगली फुलं दिसायला काही आठवडे लागतात. त्या काळात रोज नवं औषध बदलू नका.

मादी झाडावर हा दोष येत नाही. म्हणून शेजारच्या मादीला त्याच उन्हात फळं लागलेली दिसली, तर ते निदान पक्कं करणारं लक्षण समजा.

फळं लागतात, पण वाकडी

हा थंडीचा दोष. कळी घडत असताना रात्रीचं तापमान १५-१७ अंशांच्या खाली राहिलं, जमिनीत ओल भरपूर असली आणि नत्र जास्त झालं, तर पुंकेसर पुंकेसर न राहता अंडाशयात मिसळतात. मग फळाला खोल शिवणी पडतात, कुठे गाठ येते, कुठे फळ एका अंगाला वाकतं. फूल ते पिकलेलं फळ हा प्रवास उबदार हवेत पाच-सहा महिन्यांचा आणि थंडीत त्याहून लांब असतो. त्यामुळे वाकडं फळ हातात येतं तेव्हा थंडी कधीच सरलेली असते.

अशी फळं खायला चांगलीच असतात. पण झाडावर दाटी असेल तर सुपारीएवढी असतानाच काढून टाका म्हणजे वरच्या चांगल्या फळांना जागा आणि अन्न मिळेल. थंडी तोंडावर आली की नत्र आवरतं घ्या आणि पाणी कमी करा, बंद नव्हे. काही जातींत हा दोष मुळातच जास्त असतो आणि काहींत फारसा नसतो. दर वर्षी होत असेल तर खत बदलण्यापेक्षा जात बदलणं सोपं.

उंचवटे असलेली फळं मात्र वेगळी. फळाच्या सालीवर टेंगळं येतात, कोवळ्या फळावर चिकाचे थेंब आपोआप सुकलेले दिसतात, शेंड्याची पानं ठिसूळ होतात: ही बोरॉनची कमतरता. हलक्या, वाळूसर किंवा चुनखडीच्या जमिनीत आणि कोरड्या दिवसांत ती जास्त दिसते. लिटरला १ ग्रॅम बोरिक ॲसिड, म्हणजे ०.१ टक्का, लावणीनंतर चौथ्या आणि आठव्या महिन्यात फवारणं पुरेसं होतं. बोरॉनमध्ये कमी आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं असतं. अंदाजाने चमचा ओतला तर पानांच्या कडा जळतात.

मादी आहे, फुलं सुदृढ आहेत, तरी गळतात

मग पराग पोचत नाहीत. मादीच्या फुलात पुंकेसर नाहीत, जवळपास नर किंवा उभयलिंगी झाड नसेल तर ती एकटी काय करणार? अंडाशय काही दिवस हिरवा राहतो, मग देठ पिवळा पडून गळून जातो. कधीकधी परागाविना बी नसलेलं लहान फळ धरतं, पण त्यावर विसंबता येत नाही.

पपईचे पराग वारा नेतो आणि कीटकही. पांढरट, संध्याकाळी सुगंध सोडणाऱ्या फुलांवर मोठे निशाचर पतंग येतात. फुलोऱ्याच्या काळात सरसकट कीटकनाशक मारलं की हे गिऱ्हाईक तुटतं. नर-मादी वेगळ्या असणाऱ्या जातीत दहा माद्यांमागे एक नर ठेवायची रीत आहे. नर निरुपयोगी म्हणून सगळे उपटून टाकणाऱ्यांची बाग याच कारणाने रिकामी जाते.

एक-दोनच झाडं असतील तर हाताने परागण करा. नुकतंच उमललेलं नर किंवा उभयलिंगी फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, पिवळे परागकोश मोकळे करा आणि मादीच्या ताज्या फुलाच्या झालरीवर हलकेच फिरवा. पाचही कुक्षींना पराग लागू द्या, नाहीतर फळ एका बाजूने भरत नाही. धरलं असेल तर देठ हिरवा राहतो आणि अंडाशय फुगू लागतो.

फुलंच नाहीत, किंवा सगळंच एकदम गळलं

मुळांकडे बघा. पपईला खरं लाकूड नाही. खोड आतून पोकळ, मऊ, आणि त्याचा ताठपणा बराचसा सालीतल्या धाग्यांवर आणि पेशींतल्या पाण्यावर अवलंबून. मुळांना हवा लागते. पाणी दोन दिवस तुंबलं तरी मुळं मरायला लागतात. खालची पानं पिवळी पडून झटपट उतरतात, मग फुलं, मग लहान फळं. बुंध्याशी जमिनीलगत पाणथळ, काळपट डाग दिसला तर कूज लागली आहे. माती भारी असेल तर गादीवाफा किंवा उंचवट्यावर लावण, पाणी जायला चर, आणि आळ्यात बुंध्याला पाणी न लागू देणं. यातलं एकही औषधाच्या दुकानात मिळत नाही, आणि कूज खोडाभोवती पूर्ण फिरली असेल तर झाड वाचवायच्या मागे लागू नका.

सावलीत वाढलेली पपई उशिरा फुलते आणि कमी फुलते. तिला दिवसभर ऊन हवं. कुंडीत मुळं कोंडली तरी हेच. लावणीनंतर उबदार हवेत चार ते सहा महिन्यांत पहिलं फूल यायला हवं. त्याआधी काळजी करायचं कारण नाही.

आणि एक साधी शक्यता: झाड दमलं आहे. खाली फळांचा मोठा घोस पोसत असताना वर फुलं कमी येतात, वांझ येतात किंवा गळतात. घोस उतरला की पुन्हा सुरू. इथे उपाय म्हणजे फळांची विरळणी आणि दर दोन महिन्यांनी थोडं-थोडं खत.

कोणत्याही उपायाला दाद न देणारं झाड

शेंड्याची पानं लहान, पिवळट चट्ट्यांची, कधी दोरीसारखी अरुंद झाली असतील तर विषाणूचा संशय घ्यावा लागतो. पण कोवळ्या पानांतला रस शोषणाऱ्या कोळी या बारीक किडीने आणि शेजारून उडत आलेल्या तणनाशकानेही पानं अशीच होतात. फरक देठावर बघा. पानाच्या देठावर आणि खोडाच्या वरच्या भागावर तेल लागल्यासारख्या गडद हिरव्या रेषा, आणि फळावर एकात एक वर्तुळं असतील तर तो रिंगस्पॉट विषाणू.

त्याला औषध नाही. मावा उडत येतो, क्षणभर सोंड खुपसून चव बघतो, तेवढ्यात विषाणू देऊन मोकळा होतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. रोगट झाड लवकर काढणं, आणि पपईशेजारी काकडी, भोपळा, कलिंगड असे वेल न लावणं, कारण त्यांनाही हा विषाणू लागतो. हवाईमध्ये याच रोगाने बागा बसल्या आणि १९९८ मध्ये तिथे जनुकीय बदल केलेली, या विषाणूला तोंड देणारी ‘रेनबो’ जात लावणीला आली, यावरून त्याचं बळ लक्षात यावं. पानाच्या वळ्या होऊन शिरा जाड झाल्या, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ. तिथेही झाड काढणं हाच मार्ग.

पुढच्या लावणीला

नर झाड निघाल्याने वर्ष वाया गेलं असेल तर बी निवडतानाच विचार करा. मादी आणि नर यांच्या संकरातून आलेल्या बियांत निम्मे नर निघणार. उभयलिंगी फुलाचं स्वतःच्याच परागाने धरलेलं बी असेल, तर दोन वाय एकत्र आलेले गर्भ मरतात आणि उरलेल्यांत दोन उभयलिंगींमागे एक मादी येते. नर येतच नाही. बाजारातून आणलेल्या लांबट पपईच्या बिया म्हणूनच गोल पपईच्या बियांपेक्षा बऱ्या, पण त्या फुलावर दुसरे पराग पडले नव्हते याची हमी नसते. फूल उमलण्याआधी कागदी पिशवी बांधून धरलेल्या फळाचं बी असेल तर निर्धास्त. बीवरचं बुळबुळीत आवरण चोळून काढून टाका, ते उगवण अडवतं.

रोपावरून लिंग डोळ्यांनी ओळखता येत नाही. बी काळं की करडं, मूळ सरळ की फाटे फुटलेलं, यावरून सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्यावरून गुणसूत्रांची खूण तपासता येते. घरच्यासाठी एका खड्ड्यात तीन रोपं, हाताच्या वितीएवढ्या अंतरावर, आणि पहिली फुलं दिसली की हवं ते ठेवून बाकीची जमिनीलगत कापायची. उपटू नका, राहिलेल्याची मुळं दुखावतात. उभयलिंगीच्या शुद्ध बियांचं एकच रोप लावलं तर मादी निघण्याची शक्यता ३ मध्ये १. दोन लावली तर दोन्ही मादी निघण्याची ९ मध्ये १, आणि तीन लावली तर २७ मध्ये १.